तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं मी बिश्केकमध्ये ट्रॉलीबस चालवली. दार लागताना मध्येच पाय घालणाऱ्यांशी गोड बोलून भागत नाही, आणि ती सवय पेन्शन सुरू झाली म्हणून सुटत नाही. पण खोटं मी फारसं बोललेली नाही. एकदा बोलले. अर्धं घरून ठरवून गेले होते आणि अर्धं तिथं तोंडातून निघून गेलं. त्या दुसऱ्या अर्ध्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं एक घर भाड्यानं दिलेलं आहे. एक खोली, स्वैपाकघर आणि बाल्कनी; चौथा मजला, लिफ्ट नाही. आम्ही स्वतः शहराबाहेरच्या वस्तीत बैठ्या घरात राहतो, तिथं हिवाळाभर कोळसा जाळावा लागतो आणि धुरानं पडदे काळे होतात. भाड्याचं घर म्हणजे आमच्या मॉस्कोतल्या नऊ वर्षांची सगळी कमाई. मी तिथं जिने पुसले आणि माझ्या नवऱ्यानं, शार्शेननं, रस्त्यावर गरम डांबर ओतलं. बाकीचे लोक परत येऊन गाड्या घेत होते, पोरांची लग्नं धूमधडाक्यात लावत होते. आम्ही म्हटलं, नको रे बाबा. बँका बुडताना आम्ही बघितल्या होत्या, रात्रीत नोटांचा कागद होताना बघितला होता. एकुलती एक मुलगी मेरीम, ती येकातेरिनबुर्गला तिच्या संसारात. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही, आणि हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही. मग म्हातारपणी आम्हाला खायला घालणार कोण? घर घालेल, असं आम्ही ठरवलं. भिंतीला भूक लागत नाही, भिंत परदेशी जात नाही.

तसं झालंही. पण डांबरानं ह्यांची फुप्फुसं खाल्ली. आता खाटेशेजारी एक यंत्र दिवसभर घुरघुरत असतं आणि त्याची नळी ह्यांच्या नाकात असते. आमच्या दोघांच्या पेन्शनमध्ये पीठ होतं, कोळसा होतो, चहा होतो. श्वास होत नाही. यंत्राचे सुटे भाग, औषधं, वीज, हे सगळं त्या एका खोलीच्या भाड्यातून येतं. एके वर्षी भाडेकरू सोडून गेला आणि दीड महिना घर रिकामं राहिलं. त्या दीड महिन्यात ह्यांचे ओठ निळे झालेले मी बघितलेत. तेव्हापासून भाडेकरूनं नुसती ‘जरा बोलायचं होतं’ म्हणून सुरुवात केली तरी मी मनात औषधांचा हिशेब मांडायला लागायचे.

बूबूसारा एजे आली ती त्यानंतर. एजे म्हणजे ताईच, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मूळची नारिनकडची, शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. घर बघायला आली तेव्हा तिनं ना नळ सोडून बघितला ना गॅस लावून बघितला. तरातरा बाल्कनीत गेली आणि तिथंच उभी राहिली.

“काय बघताय एजे? तिकडं बघण्यासारखं काही नाही. बांधकाम आहे, तेही बंद पडलेलं.”

“तेच बघतेय. तो सांगाडा दिसतो ना, त्याच्या तिसऱ्या मजल्यावरचं डावीकडचं माझं. शेजारचंही माझंच. एकात मी राहीन, दुसऱ्यात भाडेकरू ठेवीन. मग कुणाच्या दारात उभं राहायला नको.”

मी मनात म्हटलं, अगं बाई, ही तर माझीच बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. नारिनचं घर, गाय, गवताचं रान, सगळं फुंकून तिनं पैसे भरले होते. नुसता पायाचा खड्डा असतो तेव्हा घर स्वस्त पडतं म्हणून आमच्याकडे अर्धं शहर असंच घर घेतं, खड्ड्याच्या कडेला उभं राहून आकाशात बोट दाखवत. चार मजले चढले आणि बिल्डर एका सकाळी दिसेनासा झाला. क्रेन तेवढी राहिली. तिच्यावर आता कावळ्यांची घरटी आहेत.

“मग कधी मिळणार म्हणता घर?” मी विचारलं.

“वसंतात,” ती म्हणाली. पुढची सहा वर्षं ती हेच म्हणत राहिली.

भाडेकरू म्हणून ती सोनं होती. एक तारीख कधी चुकली नाही. भिंतीला एक खिळा ठोकायचा तरी फोन करून विचारायची. मी ह्यांच्यासाठी रस्सा केला की एक वाडगा तिच्याकडे न्यायचे. वाडगा आमच्यात रिकामा परत करत नाहीत, पण तिचा परत यायचा तो काठोकाठ भरून. कधी जर्दाळू, कधी बोरसोक, कणकेचे तळलेले गोळे, गरम. मग चहा व्हायचा. बाल्कनीत एकच खुर्ची होती, तिच्यावर ती बसायची आणि मी उंबऱ्यावर. ती सारखी काहीतरी शिवत असायची. चिंध्या जमवायची. माझा ट्रॉलीबसचा जुना निळा कोटसुद्धा मागून नेला होता.

“एजे, तुमच्या घरात भाडेकरू शिरले की,” मी कावळ्यांकडे बोट दाखवून म्हणायचे.

“भाडं देत नाहीत मेले. पण एक आहे, भिंतीला खिळे ठोकत नाहीत.”

दर रविवारी ती खाली त्या सांगाड्यापाशी जायची. तिच्यासारखी फसलेली चाळीसेक कुटुंबं तिथं जमायची, थर्मासमधून चहा आणायची. आधी कोर्टकचेरीचं बोलायची आणि मग भांडायची. कशावरून म्हणाल तर जिन्यात सायकली कुणी ठेवायच्या, गच्चीवर गालिचे कुणी वाळत घालायचे. जिना नाही, गच्ची नाही, पण भांडण खरं. एजे आली की मला सगळं सांगायची. “दुसऱ्या मजल्यावरची बाई फार आगाऊ आहे हो. आमचा मेदेर आहे ना, समोरच्या दारातला, त्यानं तिला बरोबर सुनावलं.” मी हसायचे. ती हसायची नाही. तिच्या लेखी ती बाई खरीच शेजारीण होती.

गेल्या सप्टेंबरात मी भाडं घ्यायला गेले तर दार उघडायला तिला वेळ लागला. उजेडात आली तेव्हा डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालेलं दिसलं.

“एजे, डॉक्टरकडं जा.”

“जाऊन आले. ते म्हणाले, आता पोट उघडून उपयोग नाही.” मुलांना प्रयोगाचा निकाल सांगावा तसं ती म्हणाली, आणि विचारलं, “चहात साय घालू ना?”

मी जिना उतरले तेव्हा मला रडू येत होतं, हे खरं आहे. पण खाली साकिन भेटली. इमारतीच्या पाण्याबिण्याचं सगळं ती बघते, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय तेही तीच बघते.

“ऊल्कन, तुझी भाडेकरीण पिवळी पडलीय,” साकिन म्हणाली. “बघितलंस ना?”

“बघितलं.”

“नुसतं बघू नकोस. पलीकडच्या जिन्यात ते म्हातारे गृहस्थ भाड्यानं होते, आठवतात? मागंपुढं कुणी नव्हतं त्यांना. शेवटी मयतीचं बोझ-ऊय घरमालकानं उभं केलं, मेंढरं घरमालकानं कापली. आणि त्यानंतर त्या खोलीला वर्षभर कुत्रं विचारत नव्हतं. आता येणारा प्रत्येक भाडेकरू आधी विचारतो, इथून कुणी गेलंय का? आपल्या लोकांना खोटं सांगता येत नाही गं, अख्ख्या अंगणानं बघितलेलं असतं.”

ती काही वावगं बोलत नव्हती. आमच्यात माणूस गेलं की ज्या घरातून गेलं त्याच घरापुढं लोकरीच्या जाड नमद्यांचं गोल तंबूघर, बोझ-ऊय, उभं राहतं आणि तो माणूस त्यात शेवटचे दिवस पाहुणा राहतो. आत बायका भिंतीकडे तोंड करून रडगाणं गातात, बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून मोठ्यानं हंबरतात. पुढं चाळीस दिवस दर गुरुवारी त्या घरात तेल तापवून वास सोडायचा, कारण गेलेला वास घेत आपल्या दाराशी येतो. ते दार तोवर परक्याला देत नाहीत. चाळीस दिवस, आणि नंतर साकिन म्हणते ते वर्ष. मी तिथं जिन्याखाली उभी राहून हिशेब नाही केला. मला फक्त ह्यांचे निळे ओठ दिसले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं.

“राहू दे की तिला,” हे म्हणाले. “किती दिवसांची पाहुणी आता.”

“आणि मग?”

“मग आपण उभं करू बोझ-ऊय. सहा वर्षं राहिली, कधी एक दिवस उशीर केला का तिनं?”

“बरं. उभं करू. आणि चाळीस दिवस तुम्ही श्वास घेऊ नका, मग वर्षभर अधूनमधून घ्या. जमेल?”

हे हसले. हसता हसता खोकले आणि खोकता खोकता वाकले, मी पाठ चोळत बसले. “बायबिचे,” दम आल्यावर बायकोला मारायच्या त्या जुन्या हाकेनं म्हणाले, “तुझ्या जिभेला हाड नाही.” मग नाकातली नळी नीट केली. “तुला काय ते ठीक वाटेल तसं कर.”

मला ह्यांचा राग आला. चांगुलपणा ह्यांना परवडत होता. औषधाच्या दुकानात काचेपुढं उभं राहून “यातलं कुठलं आज नको” ते मी सांगायचे, ह्यांना कधी सांगावं लागलं नाही.

चार दिवसांनी मी रस्सा घेऊन गेले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. मेरीम परत येतेय, तिला घर लागणार आहे. बस्स. यात काय वाईट? लोकांच्या मुली परत येतातच. एजे बाल्कनीत खुर्चीवर होती, मांडीवर चिंध्या, सुईत दोरा. समोर सांगाडा, क्रेन आणि कावळे. वाडगा ठेवून मी उंबऱ्यावर बसले नाही, उभीच राहिले.

“एजे, मेरीम येतेय परत.”

“अरे वा. बरं झालं. येऊ दे म्हणावं, इथं काय कमी आहे? तुमच्याकडे ती मागची खोली तर रिकामीच आहे ना.”

ह्याचा मी विचारच केला नव्हता. ती मागची खोली तिनं बघितली होती, नौरुझच्या सणाला जेवायला आली होती तेव्हा. माझी जीभ सुकली. आणि मग तीच जीभ आपोआप चालायला लागली.

“तिला दिवस गेलेत एजे. आमच्याकडं कोळशाचा धूर, ह्यांचं खोकणं. तिथं कसं ठेवणार तिला? म्हणून म्हटलं...”

सुई थांबली. तिच्या त्या पिवळ्या तोंडावर जो आनंद आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. “नऊ वर्षांनी?” ती म्हणाली. “ऊल्कन, नऊ वर्षांनी?” उठायला तिला त्रास होत होता तरी उठली. माझे दोन्ही हात धरले, मग ओंजळ करून चेहऱ्यावरून फिरवली आणि दुवा केली. माझ्या लेकीसाठी, नसलेल्या बाळासाठी. मीही ओंजळ केली. न करून सांगते कुणाला.

“मग मी निघालंच पाहिजे,” ती म्हणाली. “बाळाला घर हवं. महिनाअखेर चालेल?”

“चालेल. पण तुम्ही जाणार कुठं?”

“माझी भाची आहे ना, कुंदुझ. सारखी ये ये म्हणून मागं लागलीय. तू नको काळजी करू. तू आता त्या पोरीला नीट सांभाळ, जड काही उचलू देऊ नकोस, मयतीच्या घरी जाऊ देऊ नकोस.” मग रश्श्याचं झाकण उघडून वास घेतला. “आज हात सढळ आहे तुझा. मांस जास्त घातलंस.”

जिना उतरताना मी स्वतःला सांगितलं, भाचीकडं जातेय, आपल्या माणसात जातेय, हेच बरं आहे. कुंदुझ नारिनला असते असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. घरी ह्यांना एवढंच सांगितलं की मेरीम येतेय अशी थाप मारली. बाळाचं सांगितलं नाही. ते मलाच सांगवलं नाही.

महिनाअखेर ती गेली तेव्हा मी गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. किल्ली साकिनकडे ठेवून गेली होती. घर आरशासारखं स्वच्छ. बाल्कनीत खुर्ची होती तशीच, सांगाड्याकडे तोंड करून. माझा वाडगा मात्र कुठं सापडला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं तो परत केला नव्हता, आणि मला, खरं सांगते, थोडं बरं वाटलं. म्हटलं, चला, तिच्याकडूनही काहीतरी राहिलं.

भिंतींना चुना मारून घेतला आणि जाहिरात दिली. एक-दोघं येऊन जिने बघून परत गेले. तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, एक जोडपं आलं. तो मोबाईल दुरुस्त करायचा, ती बालवाडीत शिकवायची. मुलगी चटपटीत होती. नळ सोडून बघितला, गॅस लावून बघितला, कपाटात डोकं घालून वास घेतला. मग माझ्याकडे वळून थोडी लाजत म्हणाली, “काकू, राग मानू नका, पण विचारावं लागतं. या घरातून कुणी गेलंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “या घरातून कुणी गेलेलं नाही.”

हे खरं होतं. हे खरं राहावं म्हणूनच तर मी सगळं केलं होतं. मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं.

ती बाल्कनीत गेली. “अय्या,” ती म्हणाली, “खाली बघ ना. तिथं कुणीतरी गेलंय वाटतं. पण त्या इमारतीत तर कुणी राहत नाही.”

मी तिच्या खांद्यावरून बघितलं. सांगाड्याच्या पायथ्याशी, जिथं रविवारी थर्मास उघडायचे तिथं, बोझ-ऊय उभं होतं. दोन मोठ्या कढयांखाली धूर होता. काठ्यांवर रेललेल्या पुरुषांची एक रांग होती. वर क्रेन, क्रेनवर कावळे. 

“ते त्यांचं दुःख,” नवरा म्हणाला. “आपल्याला तर घर आवडलं. काकू, आम्ही घेतो.”

त्यांनी पुढच्या दोन महिन्यांचं भाडं माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं. किल्ली दिली. गॅसची कळ जरा कडक आहे हेही नीट समजावून सांगितलं. मग जिना उतरले.

आमच्यात बाईनं बोझ-ऊय दिसताच लांबूनच रडगाणं सुरू करत जायचं असतं. माझा आवाज फुटेना. सत्तावीस वर्षं भरलेल्या बसवर ओरडणारा माझा आवाज. मी मुकी चालत गेले. पुरुषांच्या रांगेत पहिला जो होता त्यानं काठी बाजूला घेतली. पंचेचाळिशीचा, दाढी वाढलेला, डोळे सुजलेले.

“मेदेर ना तुम्ही?” मी विचारलं. “समोरच्या दारातले?”

“हो. तुम्ही?”

“मी तिची... मी बूबूसारा एजेची घरमालकीण.”

“घरमालकीण तर बूबूसारा आपाच होती,” तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, नुसतं सांगत होता. “तिसऱ्या मजल्यावरची.”

त्यानंच सगळं सांगितलं. कुंदुझ नारिनला नव्हतीच कधी. ती इथंच, शिवणाच्या कारखान्यात. कारखान्याच्या खोलीत सहा मुली राहायच्या, त्यांत हे सातवं अंथरूण. एजे मंगळवारी सकाळी गेली. व्यवस्थापकानं सांगितलं, इथं मयतीचं काही करायचं नाही, दुपारच्या आत हलवा. कुंदुझनं मेदेरला फोन केला आणि मेदेरनं सगळ्यांना.

“भांडलो नाही त्या दिवशी,” मेदेर म्हणाला. “सहा वर्षांत पहिल्यांदा. तिचं घर इथं आहे, तर तिचं बोझ-ऊय दुसरीकडं कुठं उभं राहणार? पहिल्या मजल्यानं मेंढरं आणली. नमदे दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईनं मिळवले, जिच्याशी आपाचं पटायचं नाही ती. आमच्या इमारतीतलं हे पहिलंच कार्य. आम्हाला वाटायचं, पहिलं लग्न होईल.”

मग त्यानं काठी पुन्हा पुढं घेतली, वाकला आणि मोठ्यानं रडायला लागला, आणि त्याच्यामागं सगळी रांग रडायला लागली. यातलं एकही तिच्या रक्ताचं नव्हतं.

मी आत गेले. पडद्यामागं एजे होती. बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांच्यात एक किरकोळ अंगाची मुलगी, तीच कुंदुझ हे मी डोळ्यांवरून ओळखलं. मी नाव सांगितलं तशी ती दचकून उठली. मला मिठी मारण्याऐवजी तिनं मला हातभर लांबच थांबवलं.

“ऊल्कन एजे, तुम्ही कशाला आलात? तुमच्या घरात पोटुशी आहे. आपानं मला बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी ऊल्कनला कळवायचं नाही. नऊ वर्षांनी दिवस राहिलेत, मयतीच्या जागेवरून उठून ती त्या पोरीकडं जायला नको. चाळीस दिवस झाले की मग सांग, म्हणाली होती.”

मी होते तिथंच खाली बसले.

“बरं, आता आलाच आहात तर,” ती म्हणाली आणि मागच्या गाठोड्यातून दोन वस्तू काढल्या. एक माझा वाडगा, बोरसोकांनी भरलेला. दुसरी एक लहानशी दुलई, चिंध्यांची, त्रिकोणाला त्रिकोण जोडलेली, एकेक टाका मोहरीएवढा. “ही तुमच्या नातवंडासाठी. रोज शिवायची. शेवटी बोटं चालत नव्हती, मग मी सुई ओवून द्यायची. मधला निळा तुमच्या कोटाचा आहे. मुलगा असो की मुलगी, निळा चालतो, म्हणाली.”

ती बाई चाळीस वर्षं पोरांच्या न आणलेल्या वह्यांची कारणं ऐकत आली होती. आजी वारली, वही ओढ्यात पडली, सगळं. माझं खोटं तिला कळलं नसेल? मी त्या दिवशी उंबऱ्यावर बसले नव्हते, तिच्याकडं बघत नव्हते, रश्श्यात मांस जास्त घातलं होतं. की तिला खरंच वाटलं होतं, आणि त्या खरं वाटण्यावर ती तीन आठवडे सातव्या अंथरुणावर सुखानं शिवत होती? मी अजून रोज हे दोन्ही उलटसुलट करून बघते. यातलं कुठलंही धरलं तरी मला पळायला जागा नाही.

तिथं मात्र माझा आवाज फुटला. दुलई छातीशी धरून मी अशी रडले की बाहेरचे पुरुष क्षणभर गप्प झाले. मला गप्प बसवेना. शेवटी एक म्हातारी दुसरीला हळू म्हणाली, “बघ, सख्खी बहीण असती तरी अशी रडली नसती.” ते ऐकून मला आणखीच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी तिला नेलं. आता दर गुरुवारी दुसऱ्या मजल्यावरची ती बाई सांगाड्याखाली विटांच्या चुलीवर तेल तापवते. नव्या भाडेकरणीनं फोन करून विचारलं, बाल्कनीला जाड पडदा लावू का, गुरुवारी वास येतो. मी म्हटलं, लाव.

त्या बुधवारी मयतीहून परतताना वाटेत मी ह्यांचं औषध घेतलं, सगळं घेतलं, काहीही ‘आज नको’ म्हटलं नाही. हे खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, यंत्र घुरघुरत होतं. बोरसोकांचा वाडगा मी मध्ये ठेवला आणि सांगितलं की एजे गेली. ह्यांनी ओंजळ केली, चेहऱ्यावरून फिरवली. मग माझ्या काखेत बघितलं.

“हे काय आणलंस?”

“एजेनं शिवलंय.”

“आपल्यासाठी? आजारपणात? बघ, कशी बाई होती.” ह्यांनी दुलई माझ्याकडून घेतली, टाके बोटांनी चाचपले, उलगडून मांडीवर पसरली. “उबदार आहे हां. पण अशी कशी लहान शिवली तिनं? गुडघ्यांच्या खाली येतच नाही. पाय उघडेच राहतात की गं.”

मी उठले, खुंटीवरची शाल काढली आणि ह्यांच्या पायांवर घातली.